प्रतिसाद: उन्हाळा कडक, मग पाऊस मे महिन्यातच का नाही?
वर मत मांडले गेले आहे की विदर्भाची जमीन तापते, हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची ओली हवा येते, म्हणून उन्हाळा जितका कडक तितका पाऊस चांगला. आमच्या यवतमाळकडे धूळपेरणी (पावसाआधी कोरड्या जमिनीत पेरणी) करणारेही याच हिशेबाने बोलतात. पण एवढेच कारण असते, तर पारा ४५ अंशांवर असताना मे महिन्यातच पाऊस कोसळायला हवा होता.

तापलेल्या जमिनीवरचा कमी दाब उथळ असतो आणि त्याच्या वरच्या थरातली कोरडी, खाली दबणारी हवा ढगांना वाढू देत नाही. जूनमध्ये मात्र दक्षिण गोलार्धातले व्यापारी वारे विषुववृत्त ओलांडतात, पृथ्वीच्या परिवलनामुळे उजवीकडे वळतात आणि पूर्व आफ्रिकेच्या डोंगररांगांच्या कडेने जोरदार झोत होऊन अरबी समुद्रावर येतात. त्यांनी आणलेल्या वाफेचे पाणी होताना प्रत्येक किलोमागे सुमारे २५०० किलोज्यूल उष्णता सुटते. माझ्या मते मान्सून टिकवून धरणारे खरे इंधन हेच.

याच वाऱ्यांमुळे सोमालियाच्या किनाऱ्याजवळचा सोमाली सागरी प्रवाह या काळात दिशा बदलून ईशान्येकडे वाहू लागतो आणि किनाऱ्यालगत खोलवरचे थंड पाणी वर येते. त्यामुळे अरबी समुद्र ऐन पावसाळ्यात मे महिन्यापेक्षा थंड असतो, हे इथल्या चर्चेत सुटलेले दिसते. शिवाय विदर्भातला जुलै-ऑगस्टचा मोठा पाऊस बहुधा बंगालच्या उपसागरातून पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांमुळे पडतो.