पर्यावरण संवर्धनाची पदवी : सहा लाखांचं कर्ज पगारातून फिटेल का?

सड्यावरचा
मुलगी बारावी सायन्स, पीसीबी. गाव गुहागर तालुक्यात. एका खासगी विद्यापीठात पर्यावरण संवर्धनाची तीन वर्षांची बीएस्सी आहे, फी वर्षाला २ लाख. फीपुरतं ६ लाख कर्ज, व्याज १० टक्के. राहण्याजेवणाचं घरून बघू. कासवं, खाडी, कांदळवन यातच काम करायचं तिने ठरवलंय, त्यावर घरात वाद नाही. वाद हप्त्यावर आहे. दुसरा पर्याय रत्नागिरीत साधी झूलॉजीची बीएस्सी. आणि कर्जासाठी आंब्याच्या कलमांची बाग तारण ठेवता येईल का?

हिशोबवही
आधी आकडे. पैसे वर्षाला २ लाख असे सुटतील. शिक्षण चालू असताना आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, पण सरळव्याज चढत राहतं. पहिल्या २ लाखांवर चार वर्षांचं ८०,००० , दुसऱ्यावर ६०,००० , तिसऱ्यावर ४०,००० . म्हणजे हप्ता सुरू होताना डोक्यावर ७.८ लाख. दहा वर्षांसाठी हप्ता सुमारे १०,३०० , एकूण परतफेड १२.३७ लाख. मुदत पंधरा वर्षं केली तर हप्ता ८,४०० च्या आत येतो, पण एकूण १५ लाखांवर जातं.

यातली खरी मेख वेगळीच आहे. संवर्धनात नुसत्या बीएस्सीवर फार काही मिळत नाही, एमएस्सी लागतेच. तीन वर्षं अधिक सवलतीचं एक वर्ष, म्हणजे हप्ता नेमका एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी सुरू होतो, कमाई शून्य असताना. पुढच्या शिक्षणासाठी सवलत वाढवून मिळते का हे मंजुरीच्या आधी शाखेकडून लेखी घ्या. तोंडी 'बघू की' वर जाऊ नका.

दर महिन्याचं व्याज तेव्हाच भरत गेलात (पहिल्या वर्षी १,६६७ रुपये, मग ३,३३३ , तिसऱ्या वर्षापासून ५,०००) तर मुद्दल ६ लाखांवरच राहतं आणि हप्ता ७,९३० च्या आसपास बसतो. असं व्याज भरणाऱ्यांना काही बँका दरात सवलतही देतात, मुलींसाठी वेगळी असते. दोन्ही मागून घ्यावी लागतात.

बागेबद्दल : साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला बहुतेक बँका तारण मागत नाहीत, ४ लाखांच्या वर जामीनदार मागतात. मागितलंच तरी कलमांची बाग बँक सहसा घेणार नाही. शेतजमिनीला सरफेसी कायदा (थकीत कर्जासाठी कोर्टात न जाता तारण विकायची बँकेला मुभा देणारा) लागू होत नाही, त्यामुळे बँकेला ती जप्त करून विकणं अवघड. शिवाय आपल्याकडचे सातबारे सामाईक : एका उताऱ्यावर निम्मी भावकी, त्यातले अर्धे मुंबईला, सगळ्यांच्या सह्या आणणार कोण? त्यापेक्षा सहकर्जदार म्हणून ज्याचं नाव लागणार त्याचा सिबिल (आधीच्या कर्जफेडीवरून ठरणारे गुण) आधी काढा. आंब्याचं पीककर्ज थकीत असेल तर अर्ज तिथेच अडतो.

खाजणकाठ
कमाईची बाजू मी मांडतो. संस्थांची कामं प्रकल्पावर चालतात : निधी संपला की करार संपला. कासवांचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे. कासवमित्रांचं (किनाऱ्यावर घरटी राखणाऱ्या स्थानिकांचं) मानधन हंगामापुरतं असतं, त्यावर दहा वर्षांचा हप्ता कसा बांधणार? सुरुवातीला २५,००० हातात येतील असं धरलं तर १०,३०० चा हप्ता म्हणजे चाळीस टक्क्यांच्या वर. माझ्या मते हप्ता पगाराच्या पाचव्या हिश्श्यावर जाऊ नये. म्हणजे ५,००० , आणि त्यात दहा वर्षांसाठी पावणेचार लाखच बसतात, तेही चढलेलं व्याज धरून.

जरा बरा रस्ता संशोधनाचा. एमएस्सी आणि नेट किंवा गेट (या राष्ट्रीय पातळीवरच्या पात्रता परीक्षा) असेल तर केंद्राच्या निधीतल्या प्रकल्पांत जेआरएफला (कनिष्ठ संशोधकाला) जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आणि वर घरभाडं. नेटला पर्यावरणशास्त्र हा विषय आहे, गेटला पर्यावरणशास्त्र व अभियांत्रिकीचा वेगळा पेपर आहे.

आता पदवीच्या नावाकडे बघा, इथेच पुष्कळ जण फसतात. भारतीय वनसेवेच्या परीक्षेला प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, रसायन, भूशास्त्र, भौतिक, गणित, संख्याशास्त्र, पशुवैद्यक यांपैकी एक विषय पदवीत हवा, नाहीतर कृषी, वानिकी किंवा अभियांत्रिकीची पदवी हवी. 'पर्यावरण' त्या यादीत नाही. राज्याच्या वनसेवेची जाहिरातही विषयांची नावं देऊनच निघते, शेवटची काढून वाचा. म्हणजे साधी झूलॉजी दारं उघडी ठेवते आणि महागडी पदवी काही दारं बंद करू शकते.

आणि हो, लोटे-परशुराम, महाड, रोहा इथल्या कारखान्यांतही पर्यावरणाची माणसं लागतात : सांडपाणी प्रक्रिया, प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्राचं नूतनीकरण, तिथेच ३० सप्टेंबरपर्यंत द्यायचं पर्यावरणाचं वार्षिक विवरणपत्र. हे संवर्धन नव्हे, पण पगार दरमहा येतो आणि कर्ज फिटतं. तिथे रसायन पक्कं लागतं.

देवराई_दापोली
झूलॉजीला विरोध नाही, पण दापोलीच्या कृषी विद्यापीठातली चार वर्षांची वानिकी यादीत पहिली टाका. प्रवेश सीईटीवर, फी सरकारी. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसी असाल तर मुलींना सरकारी प्रवेशप्रक्रियेतून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी व परीक्षा फी माफ आहे (२०२४-२५ पासून). मेस-हॉस्टेल त्यात नाही. खासगी विद्यापीठात थेट प्रवेश घेतलात तर ही माफी गेली.

सड्यावरचा
म्हणजे आता कर्ज नको, एमएस्सीला घ्यावं?

हिशोबवही
घ्यायचंच तर तेव्हा, आणि लागेल तेवढंच. दीड लाख बाकी राहिलं तर १० टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता ३,१९० च्या आत. शैक्षणिक कर्जावरची करसवलत (१९६१ च्या आयकर कायद्यातलं 'कलम ८०ई') मोठी समजू नका : ती फक्त व्याजावर, आठ वर्षं, आणि जुन्या करप्रणालीतच. २५,००० पगाराला कर लागतच नाही, मग वजावट कशातून करणार?

खाजणकाठ
पदवी होईपर्यंत क्यूजीआयएस (संगणकावर नकाशे करायचं सॉफ्टवेअर) शिकू दे, फुकट आहे. सीआरझेडच्या (किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमांच्या) कामात भरतीरेषा, खाजण (खाडीकाठची खारट जमीन) आणि कांदळवनाची हद्द नकाशावर अचूक लावणारी माणसं लागतात. कांदळवन १,००० चौरस मीटरच्या वर असेल तर भोवती ५० मीटरचा पट्टा सोडावा लागतो. तिवर, चिपी, कांदळ ही कांदळवनातली झाडं पानांवरून ओळखता येणं आणि ओहोटीला ठरावीक मापाची चौकट टाकून आतल्या जीवांची मोजणी करणं हे हाताला असेल तर मुलाखतीत कॉलेजचं नाव मागे पडतं. सीईटीची मुदत मात्र आधी बघा, ती गेली तर वानिकीचं वर्ष गेलं.