ड्रबिंग : धुव्वा, धुलाई की चोप?

बोरूबहाद्दर : १९७४च्या लॉर्ड्स कसोटीवरचा एक इंग्रजी लेख मराठीत आणतोय. दुसऱ्या डावात आपण ४२ धावांत गारद, हार एक डाव आणि २८५ धावांनी. लेखात त्याला ‘ड्रबिंग’ म्हटलंय. मी ‘धुव्वा’ लिहिलं, संपादकांनी ‘धुलाई’ केलं. मला दोन्ही पटत नाहीत. धुव्वा उडाला की मागे काही उरत नाही. ड्रबिंग झालेल्याचं अंग दुसऱ्या दिवशीही ठणकतं.

जुनीपेठ : ‘धुलाई’ नकोच, हिंदी सिनेमातून आलेला शब्द आहे तो. ‘सपाटून मार खाल्ला’ लिहा.

ताम्हण : ‘ड्रब’ तरी कुठे अस्सल इंग्रजी? बहुधा अरबी ‘जर्ब’, म्हणजे प्रहार. १६३०च्या दशकात पूर्वेकडच्या प्रवासवर्णनांतून तो इंग्रजीत शिरला. तळपायांवर काठीने मारायची शिक्षा, तिच्या संदर्भात. मुघल नाण्यांवर टांकसाळीच्या गावाआधी ‘जर्ब’ असतं ते हेच, ठोकून पाडलेलं नाणं. आणि आपली ‘जरब’ही त्याच घरची! मास्तरांची जरब म्हणजे न खाल्लेल्या छडीची भीती.

जुनीपेठ : ‘बहुधा’वर व्युत्पत्ती उभी राहत नाही. नुसतं ध्वनिसाम्यही असू शकतं.

ताम्हण : इंग्रजीपुरतं मान्य. पण जरब अरबीच. ती चालते, मग धुलाईनेच काय घोडं मारलंय?

जुनीपेठ : जरब तीनचारशे वर्षं मुरली आहे. धुलाई कालची.

खळ्यावरून : ‘झोडपणे’ कुणालाच कसं आठवलं नाही? इंग्रजीत ‘थ्रॅश’ आणि धान्य झोडायचं ‘थ्रेश’ मुळात एकच शब्द. आमच्या कोकणात भाताची पेंढी दगडावर आपटतात ती झोडणी. आजी पेंढी दोनदा उलटवून आपटायची, एक दाणा राहू द्यायची नाही. मला मार बसला की म्हणायची, “पेंढीसारखा झोडला पोराला.”

बोरूबहाद्दर : वा! पण ‘भारताला झोडपलं’ म्हटलं की फलंदाजीच डोळ्यांपुढे येते. हा तर गोलंदाजांनी दिलेला मार.

माणदेशी : आमच्याकडे झोडणी नाही, मळणी. खळ्यात तिवड्याभोवती, म्हणजे मधल्या खांबाभोवती, बैल फिरवायचे.

खळ्यावरून : मळणीत तुडवतात, झोडणीत आपटतात. काम वेगळं, पेंढाही वेगळा निघतो.

माणदेशी : ज्वारी दगडावर आपटून बघा, मग बोलू.

बोरूबहाद्दर : लेख उद्या छपाईला जातोय हो.

खळ्यावरून : ज्वारीची कणसं आधी खुडतात ना? मग आपटायला पेंढी येणार कुठून?