मदत हवी आहे: घराच्या अंगणात कोंबड्या पाळायला परवानगी लागते का? (तातडीचं)

हिरवी_मिरची
पटकन सांगा, रविवारी मीटिंग आहे. कोंबड्या पाळल्या म्हणून आम्हाला नोटीस आली आहे. "त्वरित हटवाव्यात, अन्यथा योग्य ती कारवाई करण्यात येईल." अंगण आमचं, खुराडं आमचं, अंडीही आमचीच. कायद्याने बंदी आहे का? कलमाचा नंबर दिलात तर उत्तम, एकाच्या तोंडावर मारायचा आहे. नेटवर शोधलं तर सगळं अमेरिकेचं येतंय. "अंडी विकत आणा" असले सल्ले कृपया नकोत.

खटपट्या
राहता कुठे? फ्लॅट की बंगला? कोंबड्या किती? नोटीस दिली कोणी? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

हिरवी_मिरची
पुण्याजवळ. रो हाउस. कोंबड्या नऊ. नोटीस ती नोटीस, लेटरहेडवर आहे, सही-शिक्का आहे.

पुढची_तारीख
"पुण्याजवळ" म्हणजे नक्की कुठे? 2017 मध्ये 11 गावं महापालिकेत आली, 2021 मध्ये आणखी 23. त्यातली उरुळी देवाची आणि फुरसुंगी पुन्हा बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. तुमच्या भागात ओढ्याच्या अलीकडे एक कायदा आणि पलीकडे दुसरा असू शकतो. महापालिकेची हद्द असेल तर 1949 चा अधिनियम, ग्रामपंचायत असेल तर 1958 चा. आणि लेटरहेड कोणाचं, ते अजून सांगितलं नाहीत.

गिरगावकर
एवढं कशाला? मुंबई महापालिकेच्या 1888 च्या कायद्यातलं कलम 384 काढा. डुकरं पाळायला आयुक्तांची लेखी परवानगी लागते. बाकी जनावरांना सरसकट बंदी नाही, फक्त कोणाला उपद्रव किंवा धोका होईल अशी ठेवायची नाहीत. हे मारा तोंडावर.

पुढची_तारीख
साहेब, तो कायदा मुंबईपुरता. त्या पुण्याच्या आहेत.

गिरगावकर
तत्त्व तेच आहे ना?

पुढची_तारीख
तत्त्वावर नोटीस निघत नाही, कलमावर निघते.

परसबाग_प्रेमी
कायदा राहू द्या, खरं भांडण वासाचं असतं. तुमच्याकडे जमीन ओली असणार. खुराड्यात भाताचं तूस घाला, चांगलं वीतभर. एक दिवसाआड पंजाने खालीवर करा, पावसाळ्यात थोडा चुना भुरभुरवा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाण्याचं भांडं कोंबडीच्या पाठीच्या उंचीला टांगा. खाली ठेवलं की त्या त्यात पाय घालतात, पाणी सांडतं, तूस भिजून ढेकळं होतात, मग अमोनिया आणि माशा. मूठभर तूस उचलून दाबा. लाडू वळला तर ओलं आहे, बदला. आमच्या शेजाऱ्यांना वर्षभर कळलंच नाही की कोंबड्या आहेत.

हिरवी_मिरची
वासाचं कोणी बोललंच नाहीये.

हिशेबनीस
घाई नको. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घेतली आहे का? कुक्कुटपालन वस्तीपासून 500 मीटर लांब हवं असा नियम आहे. माझ्या मेहुण्याचं शेड याच मुद्द्यावर अडकलं होतं.

खटपट्या
अहो, ती केंद्रीय मंडळाची मार्गदर्शक तत्त्वं 5,000 पक्ष्यांच्या वरच्या फार्मसाठी आहेत. यांच्याकडे नऊ आहेत, नऊ!

हिशेबनीस
आज नऊ आहेत. खुडूक बसल्या की किती होतील?

टेम्सकाठी
तुमच्याकडे बरंच सोपं दिसतंय. इथे इंग्लंडमध्ये 1 ऑक्टोबर 2024 पासून घरी एक कोंबडी असली तरी सरकारकडे नोंदणी करावी लागते. बर्ड फ्लूची साथ असली की पक्षी बंदिस्त ठेवायचा आदेश येतो, मग महिनोन् महिने जाळीच्या आत. आपल्याकडेही असं काहीतरी यायला हवं, असं माझं मत.

खटपट्या
धागा पुण्याचा आहे हो.

डॉक्टर_गुराढोरांचे
टेम्सकाठींचं अगदीच अवांतर नाही. 2006 मध्ये देशातली बर्ड फ्लूची पहिली लागण नंदुरबारच्या नवापुरात सापडली. 2021 मध्ये परभणीच्या मुरुंब्यात आली. अशा वेळी लागणीच्या जागेपासून 1 किलोमीटरच्या आतले पक्षी नष्ट करतात आणि 10 किलोमीटरपर्यंत लक्ष ठेवतात. परसातले पक्षी म्हणून सूट मिळत नाही, भरपाई मिळते. मुद्दा हा की जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आपले पक्षी माहीत असू द्या. राणीखेतची (कोंबड्यांचा जीवघेणा साथीचा रोग) लस घेतली आहे ना? मर सुरू झाल्यावर धागा काढून उपयोग नसतो.

हिरवी_मिरची
लस झाली आहे. मी विचारलं काय, चाललंय काय! लेटरहेड रहिवासी संघाचं आहे. झालं समाधान?

पुढची_तारीख
आता मुद्द्यावर आलो. संघ म्हणजे नोंदणीकृत गृहनिर्माण संस्था आहे की नुसता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि रबरी शिक्का?

हिरवी_मिरची
सोसायटी अजून झालेलीच नाही. बिल्डर करून देत नाहीये, तो वेगळाच तमाशा आहे. पाच-सहा जणांनी मिळून संघ काढलाय.

पुढची_तारीख
मग ती नोटीस नाही, पत्र आहे. उपनिबंधकाकडे नोंदलेली संस्था नाही, मंजूर उपविधी (संस्थेचे नियम) नाहीत, तर कोंबड्या हटवायचा हुकूम देण्याचा अधिकार आला कुठून? तरी खरेदीखत आणि बिल्डरबरोबरचा करारनामा नीट वाचा. रो हाउसच्या करारात कधीकधी "पशुपक्षी पाळणार नाही" अशी ओळ मागे कुठेतरी दडलेली असते.

भूतदया
संस्था नोंदलेली असती तरी बंदी घालता आली नसती! प्राणी कल्याण मंडळाचं 2015 चं परिपत्रक वाचा.

पुढची_तारीख
ते मुख्यतः कुत्र्यांबद्दल आहे. कोंबडीपर्यंत ताणलं तर तुटेल.

भूतदया
कोंबडी काय जीव नाही?

खटपट्या
रविवारी आमच्याकडे या, सांगतो. (हलके घ्या.)
हिरवी_मिरची, पत्रात कारण काय लिहिलंय?

हिरवी_मिरची
"पहाटे होणारा त्रास." कोंबडा चारला आरवतो. कोंबडे आरवतातच.

खटपट्या
कोंबडा!! अहो, हे पहिल्या ओळीत सांगायचं ना!

सातारी_कंदी
रात्री डालग्याखाली झाका आणि वर गोणपाट टाका. अंधार असला की आरवत नाही. आमची आजी असंच करायची.

डॉक्टर_गुराढोरांचे
आजींचा मान राखून सांगतो, फार फरक पडत नाही. 2013 मध्ये जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी कोंबडे सतत मंद उजेडात ठेवून पाहिले. तरी ते आपापल्या वेळेला आरवतच राहिले, कारण घड्याळ त्यांच्या शरीरातच असतं. आवाज थोडा दबेल एवढंच. आणि गोणपाटाखाली मे महिन्यात कोंबडा उकडून मरेल.

सातारी_कंदी
आमचा कधी मेला नाही.

पुढची_तारीख
आता कायदा ऐका. संघाला अधिकार नाही, पण शेजाऱ्याला आहे. उपद्रवाची व्याख्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 270 मध्ये आहे, दंड कलम 292 मध्ये, जास्तीत जास्त 1,000 रुपये. तो भरून मोकळं होता येईल असं वाटेल, पण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली कार्यकारी दंडाधिकारी उपद्रव हटवायचा आदेश देऊ शकतो. त्यासाठी एका माणसाची झोपमोड पुरत नाही, सार्वजनिक उपद्रव दाखवावा लागतो. पण पाच-सहा घरांनी सह्या केल्या की ते दाखवता येतं. ध्वनी नियमांत निवासी भागाला रात्री 10 ते सकाळी 6 मर्यादा 45 डेसिबलची आहे. चारचा कोंबडा त्यात बसत नाही.
तेव्हा मीटिंगमध्ये कलम फेकायला जाऊ नका, तुमच्यावरच उलटेल.

परसबाग_प्रेमी
आणि अंड्यांना कोंबडा लागतोच कुठे? पिल्लं काढायची असतील तरच लागतो. कोंबडा काढा, कोंबड्या ठेवा, तूस बदला.

टेम्सकाठी
अमेरिकेत सिएटलला हेच आहे. आठ कोंबड्या चालतात, कोंबडा चालत नाही. माझी बहीण तिथे असते.

हिरवी_मिरची
कोंबडा मुलाने पिल्लापासून वाढवलाय, हाताने दाणे भरवलेत. नवरा म्हणतो गावी सासूबाईंकडे पाठवू. तिकडे तो पातेल्यात जाईल, हे मुलाला कळतं हो. करारनामा शोधतेय. कोंबड्यांबाबत महापालिकेला लेखी विचारायचं असेल तर अर्ज कुठे द्यायचा?

पुढची_तारीख
क्षेत्रीय कार्यालयात. आवक शिक्का मारून प्रत घ्या, तोंडी "ठेवा, काही होत नाही" म्हणाले तर ते धरू नका. अर्जात फक्त कोंबड्या, संख्या आणि खुराड्याचं माप लिहा. आणि रविवारी आधी एवढंच विचारा की कोंबडा गेल्यावर तुमची तक्रार उरते का? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.

कांदेनवमी
कोंबडा कुठल्या जातीचा आहे? कडकनाथ असेल तर मी घेतो. मुळशीत शेत आहे, कापणार नाही, पैदाशीला हवाय. मुलाला कधीही बघायला आणा. इथेच निरोप पाठवा.

सातारी_कंदी
कडकनाथ असेल तर आधी मला विचारा.