डोंगरमाथ्यावरून समुद्र स्पष्ट दिसण्यासाठी कोकणात कोणता डोंगर, कोणता महिना आणि कोणती वेळ निवडावी?

पर्वतीवाट (पुणे) यांचा प्रश्न:

नमस्कार. माझे वडील 71 वर्षांचे आहेत. नोकरीची पहिली सात वर्षे त्यांनी अलिबाग तालुक्यातील एका शाळेत शिकवले आणि त्या काळात दर हिवाळ्यात ते विद्यार्थ्यांना घेऊन सागरगडावर जात असत. गडाच्या पश्चिमेकडील कड्यावरून अलिबागचा किनारा, पाण्यात उभा असलेला कुलाबा किल्ला आणि उजव्या हाताला खांदेरी व उंदेरी ही दोन बेटे कशी दिसत, याचे वर्णन मी लहानपणापासून त्यांच्या तोंडून ऐकत आलो आहे.

गेल्या एप्रिलमध्ये मी त्यांना पुन्हा तेथे घेऊन गेलो. पुण्याहून पहाटे निघून, खंडाळे गावातून चढायला सुरुवात करून, वाटेत सिद्धेश्वराच्या मंदिरात आणि नंतर सागरगड माचीवर विश्रांती घेत आम्ही दुपारी बाराच्या सुमारास कड्यावर पोहोचलो. समोर केवळ पांढुरका धूसरपणा होता. कुलाबा किल्ला कोठे असावा हे माहीत होते म्हणूनच त्याची काळसर आकृती ओळखता आली. बेटे तर दिसलीच नाहीत. वडील तेथे काही बोलले नाहीत, पण उतरताना त्यांनी मला विचारले, ‘‘तेव्हा खरेच दिसत होते ना रे, की मलाच आता तसे वाटते?’’ तो प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

या हिवाळ्यात त्यांना आणखी एकदा न्यायची माझी इच्छा आहे. ते रोज सकाळी पर्वती चढतात, त्यामुळे दम टिकतो. उतरताना मात्र गुडघे दुखतात. सागरगडच पुन्हा करावा की दुसरा एखादा डोंगर निवडावा, आणि कोणत्या महिन्यात, दिवसाच्या कोणत्या वेळी माथ्यावर असावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

खारा_वारा यांचे उत्तर:

आपल्या वडिलांना तेव्हा खरेच दिसत होते, हे त्यांना प्रथम सांगा. चूक डोंगराची नाही आणि त्यांच्या आठवणीचीही नाही. महिना आणि वेळ या दोन्ही गोष्टी आपल्या विरुद्ध होत्या.

उंचीचा हिशेब करून पाहिला तर हे लगेच लक्षात येते. डोंगराच्या मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढून त्याला 3.57 ने गुणले की क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते साधारणपणे कळते. सागरगडाची उंची 400 मीटरच्या आसपास धरली तर हे अंतर सुमारे 71 किलोमीटर येते, आणि खांदेरी-उंदेरी तर त्याच्या कितीतरी अलीकडे आहेत. म्हणजे पृथ्वीची वक्रता आड येत नाही, आड येते ती मधली हवा. किनाऱ्यावरील हवेत मिठाचे आणि धुळीचे सूक्ष्म कण नेहमीच असतात. दमटपणा वाढला की हे कण पाणी धरून फुगतात, प्रकाश अधिक विखुरतात आणि लांबच्या वस्तूंवर पांढरा पडदा चढतो. एप्रिलमध्ये त्यात धुराची भर पडते. भाताच्या रोपांसाठी शेतात राब भाजण्याचे काम उन्हाळ्यात चालते, वाळलेल्या गवताचे वणवेही याच दिवसांत लागतात, आणि तो धूर दिवसेंदिवस दरीत तरंगत राहतो.

वेळेचे कारण वेगळे आहे आणि माझ्या मते ते महिन्याइतकेच महत्त्वाचे आहे. रात्री जमीन लवकर थंड होते, त्यामुळे पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. त्याला किनाऱ्यावर मतलई वारा म्हणतात आणि शिडाच्या होड्या त्याच्याच आधाराने पहाटे बाहेर पडत असत. दिवस चढला की जमीन तापते, वारा फिरतो आणि समुद्रावरून खारे, दमट वारे आत येऊ लागतात. त्याशिवाय पश्चिमेकडे पाहताना सकाळी सूर्य आपल्या पाठीमागे असतो, म्हणून किल्ला आणि बेटे उजेडात उजळलेली दिसतात. दुपारनंतर तोच सूर्य समोर येतो आणि पाण्यावरील चकाकीत सगळे तपशील बुडून जातात. आपण बाराला कड्यावर होतात, म्हणजे चांगली वेळ त्याआधीच निघून गेली होती.

मात्र अगदी सूर्योदयाला पोहोचण्याचा अट्टहास करू नये. हिवाळ्यात थंड हवा खाली साचून राहते आणि भातखाचरांवर, खाडीवर धुके व चुलींचा धूर अडकून बसतो. ऊन चांगले पडले की ही हवा हलते. डिसेंबरमध्ये साधारणपणे नऊ ते अकरा हा काळ मला सर्वांत स्वच्छ वाटला आहे. उत्तरेकडून कोरडा, गार वारा सुरू झाल्यावरचे दोन-तीन दिवस मिळाले तर रजा टाकून निघावे.

मूळचा_अलिबागकर (सध्या सिंहगड रस्ता, पुणे) यांचे उत्तर:

वरील उत्तराशी मी पूर्णपणे सहमत आहे, पण नऊ वाजता सागरगडाच्या कड्यावर असायचे तर 71 वर्षांच्या माणसाला अंधारात चढायला लावावे लागेल, आणि ते मला योग्य वाटत नाही. खंडाळ्याहून गडापर्यंतची वाट सावकाश चालणाऱ्याला सहज तीन तासांची होते. म्हणून पुण्याहून त्याच दिवशी निघू नका. आदल्या दिवशी दुपारी अलिबागला पोहोचा, रात्री लवकर जेवून झोपा आणि उजाडता उजाडता पायथ्याशी असा. तरीही कड्यावर पोहोचेपर्यंत दहा वाजतील, आणि डिसेंबरमध्ये दहा वाजता अजून चांगले दिसते.

दुसरा पर्याय कनकेश्वराचा आहे. मापगावातून वर जाण्यासाठी दगडी पायऱ्या आहेत, त्यांची संख्या सातशेच्या आसपास आहे, आणि जवळजवळ सगळी वाट झाडीच्या सावलीतून जाते. रोज पर्वती चढणाऱ्याला ती परिचयाची वाटेल. डोंगर समुद्राला सागरगडापेक्षा जवळ आहे. वर शंकराचे प्राचीन मंदिर आणि मोठी दगडी पुष्करिणी आहे. तेथे बसून राहिले तरी मन भरते. पण आपल्या वडिलांना जे पाहायचे आहे त्या दृष्टीने एक उणीव सांगितलीच पाहिजे. माथा दाट झाडीत आहे, त्यामुळे कड्यावर उभे राहून एका नजरेत सगळा किनारा पाहण्याचा जो अनुभव सागरगड देतो तो येथे तसा मिळत नाही; झाडी जेथे विरळ होते अशा जागांवर थांबत थांबत समुद्र पाहावा लागतो. माझ्या आजीने आयुष्यभर कनकेश्वरावरूनच समुद्र पाहिला आणि तिला तो पुरेसा होता, म्हणून ही उणीव सांगताना मला थोडा संकोच वाटतो.

माचीवरील लोकांबद्दलही लिहितो. सागरगड माची हे नांदते गाव आहे. तेथील घरांत सांगितल्यास भाकरी, पिठले असे साधे जेवण मिळू शकते; पण दहा जणांनी अचानक दारात उभे राहून जेवण मागू नये. वाट विचारताना दोन शब्द बोलावेत, गुरे चरत असतील तर बाजूने जावे, आणि वाळलेल्या गवतात काडी किंवा विडीचे थोटूक टाकू नये. एका वणव्यात शेजारच्या गावातील गुरांचे वर्षभराचे गवत जळून गेलेले मी पाहिले आहे.

पर्वतीवाट:

आपण दोघांनी इतके सविस्तर लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. वडिलांना पहिले उत्तर वाचून दाखवले. मतलई वारा हा शब्द ऐकताच त्यांनी शाळेतील कोळ्यांच्या मुलांच्या आठवणी सांगायला सुरुवात केली. दोन शंका उरतात. उतरताना गुडघ्यांची काळजी कशी घ्यावी? आणि ताम्हिणीतून जाता येईल असा, समुद्राच्या अंगाचा एखादा सोपा गड आहे का, म्हणजे आधी सराव होईल?

कातळसडा यांचे उत्तर:

सरावासाठी तळगड आणि घोसाळगड हे दोन्ही गड उत्तम आहेत. ताम्हिणी उतरून माणगावला पोहोचले की तळे गाव फार दूर नाही, आणि गड गावाला लागूनच आहे. तासाभरात माथा गाठता येतो. 1665 च्या पुरंदरच्या तहात 23 किल्ले मोगलांना दिल्यानंतर जे 12 किल्ले शिवाजी महाराजांकडे राहिले, त्यांत हे दोन्ही गड होते. आजही माथ्यावर उभे राहिले की त्याचे महत्त्व पटते, कारण खाडीतून आत येणारी वाट येथून नजरेच्या टप्प्यात येते.

एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. पुण्याहून येणारे बहुतेक जण कोकणातील डोंगरावर फक्त निळी रेषा शोधतात आणि ती दिसली नाही की निराश होतात. येथे पाहण्यासारखी खरी गोष्ट खाडी आहे. ओहोटीच्या वेळी उघडा पडलेला चिखल, तिवरांची हिरवी कड, खारभूमीचे बांध, त्यांच्या आतली भातखाचरे आणि डोंगराच्या कुशीतल्या वाड्या हे सर्व एकाच दृष्टिक्षेपात मावते. वेळ असल्यास येताना कुड्याची लेणीही पाहा. डोंगराच्या उतारावर 26 बौद्ध लेणी खोदलेली आहेत आणि त्यांच्या समोर राजपुरीची खाडी पसरलेली आहे. ज्यांनी ही जागा निवडली त्यांनी व्यापाराची वाट आणि समोरचे दृश्य या दोहोंचा विचार केला असावा, असे मला तेथे बसल्यावर नेहमी वाटते.

खारा_वारा:

गुडघ्यांबाबत थोडे लिहितो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे आपण सह्याद्रीतील गड चढतो तेव्हा आकड्यातील बरीचशी उंची गाडीनेच चढलेली असते. कोकणात 400 मीटरचा डोंगर म्हणजे जवळजवळ तेवढीच चढण आणि तेवढीच उतरण पायांनी करावी लागते. दमट हवेत घाम लवकर सुकत नाही, शरीर तापलेलेच राहते आणि थकवा अपेक्षेपेक्षा आधी येतो. उतरताना गुडघे दुखू लागतात ते बहुधा अशा थकलेल्या पायांवर. प्रत्येकी किमान तीन लिटर पाणी, लिंबू-मीठ-साखर, दोन्ही हातांत काठ्या आणि उतरताना दर वीस मिनिटांनी विश्रांती एवढे काटेकोरपणे पाळा. दुखणे जुने असेल तर आधी डॉक्टरांना अवश्य विचारा.

पर्वतीवाट:

वडिलांशी बोलून ठरवले आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस तळगड आणि कुड्याची लेणी, मग डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आदल्या दिवशी अलिबाग गाठून सागरगड, आणि गुडघे साथ देतील असे वाटले नाही तर त्याच सकाळी मापगावाकडे वळून कनकेश्वर. वडिलांनी एक प्रश्न विचारायला सांगितला आहे. दोन बेटांपैकी खांदेरी कोणते आणि उंदेरी कोणते, हे वरून पाहून आपण मंडळी कसे ओळखता?

मूळचा_अलिबागकर:

किनाऱ्याजवळचे, थळच्या समोरचे, लहान आणि बसके बेट ते उंदेरी. त्याच्या पलीकडे, अधिक खोल पाण्यात दोन टेकाडे असलेले मोठे बेट दिसेल आणि त्यावर दीपगृह असेल, ते खांदेरी. महाराजांनी 1679 मध्ये तेथे तटबंदीचे काम सुरू केले आणि पुढच्याच वर्षी सिद्दीने उंदेरीवर आपला किल्ला उभारला, हे सरांना मी सांगण्याची गरज नाही. त्यांनी ते वर्गात अनेकदा शिकवले असेल. 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलेल्या मराठ्यांच्या 12 किल्ल्यांमध्ये खांदेरीचा समावेश आहे, एवढे मात्र त्यांना कड्यावर उभे असताना सांगा.

निघण्यापूर्वी येथे तारीख लिहा. माझा भाऊ किनाऱ्यावरच राहतो. आदल्या संध्याकाळी खांदेरीचे दीपगृह त्याला किती स्पष्ट दिसते आहे ते विचारून मी आपल्याला कळवीन.