प्रतिसाद: मागणीची पोच

'रोहयो (रोजगार हमी योजना) म्हणजे खड्डे खणून बुजवणं, त्यापेक्षा थेट खात्यात पैसे टाका' हे वरचं मत मला पटत नाही.

१९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रात लाखो लोक खडी फोडायला आणि पाझर तलावांवर गेले, म्हणून घरची चूल पेटली. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेल्या, मागेल त्याला काम देण्याच्या या कल्पनेचा पुढे १९७७ साली कायदा झाला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून व्यवसाय कर कापायचा आणि त्यातून गावातल्या मजुराला काम द्यायचं, ही सोय मला आजही फार मोलाची वाटते. मजूर इथे हात पसरत नाही, हक्काने काम मागतो. २००५च्या केंद्राच्या रोजगार हमी कायद्यातही हेच आलं: मागितल्यापासून १५ दिवसांत काम, नाहीतर बेरोजगार भत्ता.

घोडं अडतं ते पोचपावतीवर. आमच्या गावात माझ्या चुलतीने अर्ज दिला, पण पोच मिळाली नाही. 'काम निघालं की सांगतो' एवढंच उत्तर. पोच नाही म्हणजे तारीख नाही, आणि तारीखच नाही तर भत्ता कुठल्या दिवसापासून मागणार? तिने पदराच्या गाठीत जॉबकार्ड बांधून चार खेपा घातल्या, शेवटी ऊसतोडीला गेली.

थेट पैसे देतानाही यादी कोणीतरी करणारच ना? त्या यादीतून नाव गळलं, तर तीच बाई पुन्हा त्याच टेबलापुढे उभी राहणार. आधी मागणीवर तारीख टाकून सही-शिक्क्याची पोच द्या.