बॅडमिंटन रॅकेटचं गटिंग तीन आठवड्यांत तुटतंय आणि स्मॅशला जोरही हवाय: गट बदलू की टेन्शन?

मागची_रेष

रॅकेट ४यू (हा वजनाचा वर्ग), डोक्याकडे जड, शाफ्ट म्हणजे दांडा कडक. सध्या ०.६६ मिमीचा गट (रॅकेटवर विणलेली तार) आहे, उभ्या-आडव्या सगळ्या तारा २७ पौंडांच्या ताणावर, म्हणजे टेन्शनवर. आठवड्यातून चार दिवस दीड-दोन तास डबल्स, फेदर शटलवर. गट साधारण तीन आठवडे टिकतो. फोरहँडचा क्लिअर (मागच्या रेषेपर्यंतचा उंच टोला) पोचतो, पण बॅकहँडचा कोर्टाच्या मध्यावरच पडतो आणि उशिरा घेतलेल्या स्मॅशला जोर नसतो.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. जोर वाढावा म्हणून २९ पौंड करू का? टिकण्यासाठी ०.७० मिमीचा गट घेतला तर जोर जाईल का? आणि टायटॅनियमचा लेप असलेला गट खरंच जास्त टिकतो का?

चौथी_गाठ

२९ अजिबात करू नका. तुमच्या दोन्ही तक्रारी त्याने वाढतील.

ताण जितका जास्त तितका जोर जास्त, हा समज फार पसरलेला आहे आणि तो उलटा आहे. सैल तारा ठोक्याच्या वेळी जास्त आत जातात आणि शटलला परत ढकलतात, म्हणजे रॅकेटच थोडं काम करते. घट्ट तारा कमी दबतात, शटल लवकर सुटतं. त्यामुळे दिशा नेमकी मिळते, पण वेग सगळा तुमच्या हातातून यावा लागतो. शिवाय ताण वाढला की स्वीट स्पॉट, म्हणजे मधला सगळ्यात चांगला ठोका बसणारा भाग, आक्रसतो. बॅकहँड क्लिअर आणि उशिरा घेतलेला स्मॅश या दोन्हींत हात पूर्ण फिरत नाही, म्हणून ताण जास्त झाल्याचा फटका आधी तिथेच दिसतो. साधी कसोटी अशी: कोर्टाची लांबी १३.४० मीटर आहे. मागच्या रेषेवरून मागच्या रेषेपर्यंत क्लिअर फार झटापट न करता पोचत नसेल, तर ताण तुमच्या हातापेक्षा जास्त आहे.

आता टिकण्याचं. गट निवडण्याआधी तो कुठे तुटतो ते बघा, कारण प्रत्येक जागेचं कारण वेगळं असतं.

मधल्या भागात, उभी-आडवी तार एकमेकींना छेदते तिथे तुटत असेल आणि तुटलेल्या टोकापाशी खाच दिसत असेल, तर ती नेहमीची झीज आहे. प्रत्येक ठोक्याला तारा एकमेकींवर घासतात, करवतीसारख्या. इथे जाड गटाचा उपयोग होतो.

डोक्याच्या वरच्या भागात, फ्रेमपासून दोन-तीन सेंटिमीटरवर, खाच नसताना एकदम कापल्यासारखा तुटत असेल, तर शटल मध्यावर लागत नाहीये. कडेला तार आखूड असते, तिला ताणायला जागा नसते, त्यामुळे सगळा धक्का एका ठिकाणी बसतो. बारीक गट आणि जास्त ताण असेल तर तो एका मिसहिटमध्ये जातो, मग तो आदल्या दिवशी घातलेला का असेना.

अगदी फ्रेमच्या भोकापाशी तुटत असेल तर गटाला दोष देऊ नका, ग्रोमेट (भोकात बसवलेली प्लास्टिकची नळी) बघा. आणि न खेळता, पिशवीत ठेवलेल्या रॅकेटचा गट तुटला, तर गाठ किंवा क्लॅम्पची (गटिंग करताना तार धरून ठेवणाऱ्या चिमट्याची) जागा तपासा.

तुमचा नेमका कुठे तुटतो?

मागची_रेष

मागचे दोन वरच्या भागात तुटले, उजवीकडे, फ्रेमजवळ. त्याआधीचा एक मध्ये. वरचे काही ग्रोमेट पिवळट झालेत आणि एकाची कड फुटली आहे. त्याच भोकातली तार तुटली होती का, ते पाहिलं नाही.

ड्राइव्ह_फ्लॅट

मग आधी फुटलेला ग्रोमेट बदला, गटाचं नंतर ठरवा. ग्रोमेटची कड गेली की तार थेट कार्बनच्या भोकाच्या धारेवर बसते आणि कोणताही गट तिथे कापला जातो. गट पूर्ण काढल्यावर प्रत्येक ग्रोमेटमधून शिवणकामाचा दोरा ओढून बघा. जिथे दोरा अडकतो किंवा त्याचे तंतू निघतात, तो ग्रोमेट गेला. दोनदा तार जाते त्या भोकांकडे जास्त लक्ष द्या, ती आधी जातात. सगळा संच बदलायची गरज नसते, सुटे ग्रोमेट बसवता येतात. फक्त लांबी आणि जाडी त्या भोकाची हवी. ग्रोमेट आखूड पडला तर आतली कड उघडी राहते आणि पुन्हा तेच.

गटाबद्दल माझं मत: योनेक्सचा बीजी६५, ०.७० मिमी. गेल्या कित्येक वर्षांत टिकण्यासाठी याच्याशीच बाकीच्यांची तुलना होते, ते उगाच नाही. व्हिक्टरचा व्हीबीएस-७० हाही ०.७० चाच. ०.६६ आणि ०.७० मधला फरक ऐकायला नगण्य वाटतो, पण तारेची ताकद तिच्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते. ०.७० चं क्षेत्रफळ ०.६६ पेक्षा जवळजवळ साडेबारा टक्के जास्त भरतं, ०.६१ पेक्षा तर बत्तीस टक्क्यांच्या आसपास.

पिसांचं_शटल

ग्रोमेटबद्दल एकदम मान्य. बीजी६५ बद्दल अर्धं मान्य. टिकण्यात तो चांगलाच आहे, पण प्रश्नकर्त्याला जोरही हवाय आणि जाड गटाचा स्पर्श मऊ, थोडा मंद लागतो. त्याच ताणावर बारीक तार जास्त ताणली जाते, उसळी चटकन येते, आवाज खणखणीत येतो. ०.६६ वरून थेट ०.७० वर गेलात आणि ताण २७ च ठेवलात, तर पहिल्या दिवशी रॅकेट पाट झाल्यासारखी वाटेल.

मधला रस्ता आहे. बीजी८० हा ०.६८ मिमी, स्पर्श कडक, स्मॅश मारणाऱ्यांना आवडणारा. नॅनोजी ९५ हा ०.६९ मिमी, टिकाऊपणाकडे झुकलेला, तरी बीजी६५ इतका मऊ नाही. उलट बीजी६६ अल्टिमॅक्स (०.६५) किंवा एरोबाइट (उभी ०.६७, आडवी ०.६१) यांच्या वाटेला सध्या जाऊ नका. उसळी आणि शटलवरची पकड सुंदर आहे, पण वरच्या भागात शटल लागतंय तोवर ते आठवडाभरात जातील.

टायटॅनियमचं: बीजी६५टीआय हाही ०.७० मिमीचाच. लेपामुळे स्पर्श कडक होतो आणि आवाज सुधारतो. आयुष्य मात्र जाडीवर आणि आतल्या नायलॉनच्या गाभ्यावर ठरतं. टिकावा म्हणून टायटॅनियम घेऊ नका. बीजी६५ मऊ वाटतो म्हणून घ्यायचा असेल तर जरूर घ्या.

चौथी_गाठ

वरच्या दोघांचं जोडून सांगतो. माझा क्रम असा: आधी ग्रोमेट, मग ताण, मग जाडी, आणि कंपनी सगळ्यात शेवटी. तीन पौंड कमी केल्याने जो फरक पडतो, तो एकाच जाडीच्या दोन कंपन्यांच्या गटांत सापडणार नाही.

तुमच्यासाठी: ०.६८ किंवा ०.६९ चा गट, उभ्या तारा २४, आडव्या २५ किंवा २६. सगळ्या एकाच ताणाला ठेवू नका. आडव्या तारा उभ्यांमधून विणत जातात, घर्षणामुळे लावलेला ताण आतपर्यंत पूर्ण पोचत नाही. म्हणून त्या पौंड-दोन पौंड जास्त घेतात. तसं केल्याने फ्रेमचा आकारही सांभाळला जातो.

दोन आठवडे खेळून बघा. क्लिअर लांब जाऊन रेषेबाहेर पडायला लागले किंवा जाळीवरचा ड्रॉप जास्त उडाला, तरच एक पौंड वाढवा, आणि तोही पुढच्या गटिंगला. उलट शटल अजूनही मध्यावर पडत असेल तर २३ करा, त्यात कमीपणा काही नाही. आणि रॅकेटच्या कोनवर (मुठीच्या वरच्या शंकूसारख्या भागावर) ताणाची मर्यादा छापलेली असते, ती वाचा. ४यू मध्ये बऱ्याचदा २० ते २८ असते. त्यापलीकडे गेलात आणि फ्रेम गेली तर वॉरंटी मिळत नाही.

मागची_रेष

गटिंग करणाऱ्याला नेमकं काय सांगायचं? आतापर्यंत फक्त गटाचं नाव आणि पौंड एवढंच सांगत होतो.

चौथी_गाठ

एवढं सांगा:

चार गाठी, म्हणजे उभ्या आणि आडव्या तारा वेगळ्या. एक टोक निसटलं तरी दुसरी बाजू ताण सोडत नाही, आणि दोन्हींना वेगळा ताण देणं सोपं जातं. दहा मीटरच्या पाकिटात दोन्ही भाग बसतात, पण कापण्याआधी मोजायला सांगा. आडव्यांना कमी पडलं तर सगळं पुन्हा.

मशीन कोणतं ते विचारा. इलेक्ट्रॉनिक मशीन तार सैल पडू लागली की पुन्हा ओढून धरतं. हाताने फिरवायचं लॉकआउट मशीन ठरलेल्या ताणाला पोचलं की तिथेच अडकतं आणि क्लॅम्प लागेपर्यंत तार थोडी ढिली पडते. त्यामुळे दोन ठिकाणचे २४ पौंड हाताला सारखे लागत नाहीत. म्हणून ताण ठरेपर्यंत एकाच माणसाकडून, एकाच मशीनवर करा, नाहीतर कशामुळे काय बदललं ते कळणार नाही.

आडवी तार विणताना एका दमात सरळ ओढू नये. उभ्या तारांवर एकाच जागी घर्षण होऊन त्या तापतात आणि न खेळताच खाच पडते. ओढताना हात वर-खाली हलवत न्यावा. हे लोक फार कमी विचारतात आणि नव्या गटाच्या अकाली मरणाचं हेच मोठं कारण असतं.

आधीच एक तार असलेल्या भोकातून दुसरी जात नसेल तर आरीने (टोच्याने) जबरदस्तीने वाट करू देऊ नका. आधीच्या तारेला टोचलं की ती तिथूनच पुढच्या आठवड्यात जाते.

रॅकेट हातात आल्यावर तिथेच बघा: शेजारच्या दोन आडव्या तारा एकाच बाजूने विणल्या गेल्या नाहीत ना? क्लॅम्पच्या जागी पांढरट, दबलेली खूण आहे का? लेप निघालेला असेल तर तो गट टिकणार नाही.

ड्राइव्ह_फ्लॅट

यात दोन गोष्टी जोडतो. खेळून झाल्यावर सरकलेल्या तारा बोटाने सरळ करा. त्याच खाचेत तार पुन्हापुन्हा बसण्यापेक्षा थोडी हलली तर झीज विभागली जाते. कोर्टावर धूळ असेल तर कोरड्या कापडाने तारा पुसा, वाळूचे कण खाच वेगाने खोल करतात. उन्हात बंद गाडीत रॅकेट ठेवू नका, उष्णतेने नायलॉन सैल होतं आणि मग गटाचं नाव काहीही असो, ताण राहत नाही. दमट हवेतही नायलॉन ओल धरतं, म्हणून पावसाळ्यात तोच गट थोडा ढिला वाटू शकतो.

पिसांचं_शटल

एक तार तुटली की बाकीच्या लगेच कापा, घरी जाऊन नाही. ताण एका बाजूला राहिला की फ्रेम ओढली जाते, आणि गटापेक्षा फ्रेम महाग. मधल्या तारांपासून सुरुवात करा, एक-दोन उभ्या, मग एक-दोन आडव्या, असं आलटून पालटून बाहेर जा. एका बाजूच्या सगळ्या तारा आधी कापू नका.

आणि नाही तुटला तरी गट कायमचा नाही. नवा गट पहिल्याच दिवशी थोडा ताण सोडतो, नंतर हळूहळू. ढोबळ नियम असा की आठवड्यातून जितके दिवस खेळता, वर्षातून तितक्या वेळा तरी बदला. ०.७० चा गट सहा महिने टिकला तरी तोवर त्यातली उसळी गेलेली असते, आणि तेव्हा माणूस पुन्हा जोर नाही म्हणून पौंड वाढवतो. नवीन असताना तळहातावर हलकं आपटून आवाज ऐकून ठेवा. तो बोदा झाला की समजा.

मागची_रेष

नॅनोजी ९५, उभ्या २४, आडव्या २५, चार गाठी, वरचे फुटके ग्रोमेट बदलून. उद्या देतो, दोन आठवड्यांनी क्लिअर कुठवर पोचतो आणि तुटला तर कुठे, दोन्ही इथेच लिहितो.