सायटीवरच्या मेक्सिकन फोरमनला कोलनच्या टेस्टसाठी कसं पटवू?

ह्यूस्टनवाला:
आमच्या सायटीवरचा फोरमन, वय 52, मूळचा मेक्सिकोचा, वीसेक वर्षं टेक्सासमधेच. मागच्या महिन्यात त्याचा सख्खा मोठा भाऊ कोलन (मोठ्या आतड्याच्या) कॅन्सरने गेला, कळलं तेव्हा लिव्हरपर्यंत पोचलेला. मी म्हटलं बाबा तू तरी तपासून घे, तर हसला, म्हणे काही दुखत नाही मग दाखवू कशाला, आणि तिथून नळी तर मुळीच घालू देणार नाही. सबकॉन्ट्रॅक्टरकडे रोजावर आहे, इन्शुरन्स नाही. हे माचिस्मो (मर्दपणाचा ताठा) म्हणतात तेच का?

पक्या_डॅलस:
तेच, अजून काय. प्रोस्टेटचं नाव काढलं तरी विषय बदलतात. आपले काका लोक तरी कुठे वेगळे म्हणा 😀 त्याला फिट टेस्ट सांग, घरीच शीचं सॅम्पल घ्यायचं न पोस्टाने पाठवायचं, दरवर्षी एकदा, नळीबिळी काही नाही.

क्लिनिकवाली:
सगळं माचिस्मोवर ढकलू नका हो. मी सॅन अँटोनियोत क्लिनिकच्या फ्रंट डेस्कला आहे. बायका बाळंतपण, पॅप (गर्भाशयाच्या तोंडाची टेस्ट), मॅमोग्रामच्या निमित्ताने येतात तरी, पुरुषांना ठरलेला डॉक्टरच नसतो, मग टेस्ट कर म्हणणार कोण? त्यात टेक्सासने मेडिकेड (गरिबांचा सरकारी इन्शुरन्स) वाढवलं नाही, इन्शुरन्स नसलेल्यांचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त इथेच, आणि कागदपत्रं नसली तर ओबामाकेअरचा (सरकारी योजनेतला) इन्शुरन्स प्लॅनही घेता येत नाही. कोलोनोस्कोपीला, म्हणजे त्या नळीच्या टेस्टला, घरी न्यायला माणूस लागतो म्हणजे दोघांचा खाडा. एकजण आलेला, बारा वर्षांची मुलगी भाषांतर करत होती, आता मुलीसमोर बाप रक्त पडतंय हे कसं सांगणार? खरं तर मुलांकडून भाषांतर करून घ्यायचं नाही असा नियम आहे, दुभाषा फुकट मिळतो, पण हे माहीतच नसतं लोकांना.
आणि पक्या, फिट साध्या रिस्कवाल्यांना, 45 पासून. भावाला कितव्या वर्षी निघाला?

ह्यूस्टनवाला:
56

क्लिनिकवाली:
मग फिट नको, सरळ कोलोनोस्कोपी. सख्ख्या भावाला साठीच्या आत झाला तर 40 पासून दर 5 वर्षांनी करायची असते. कौंटी हॉस्पिटलमधे उत्पन्न बघून बिल कमी करतात, पत्त्याचा आणि कमाईचा पुरावा घेऊन जायला सांगा. आणि हो, त्याच्या बायकोच्या कानावर घाला!

ह्यूस्टनवाला:
तिला फोन केला, मोडक्या स्पॅनिशमधे सांगितलं, ती म्हणे फॉर्म मी भरते. गाडी मी चालवीन. खाड्याचे पैसे कापू नको म्हणून सबकॉन्ट्रॅक्टरला सांगून बघतो पण तो ऐकेल असं वाटत नाही.